वाढीचा तक्ता: रेषा आल्या कुठून आणि ठिपका चुकतो कुठे

अंगणवाडीत मुलाचं वजन होतं, सेविकाताई ते पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपमध्ये भरतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यावर एक ठिपका पडतो. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. ठिपका हिरव्या पट्ट्यात असला की घरचे निश्चिंत, पिवळ्यात गेला की कुजबुज, नारिंगीत गेला की धावपळ. तक्ता वाचायची ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यातली खोट कुणाच्या ध्यानात येत नाही. एकटा ठिपका फार थोडं सांगतो. नीट मोजून, अंतराने टाकलेले दोन-तीन ठिपके मात्र पुष्कळ काही सांगतात, आणि ‘नीट मोजून’ हीच त्यातली सगळ्यात अवघड अट आहे.

हे समजायला आधी त्या रेषा आल्या कुठून ते पाहावं लागतं.

बोस्टनच्या मुलांवरून मेळघाटची श्रेणी

नव्वदच्या दशकात मेळघाटच्या बातम्या वाचलेल्यांना ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली बालकं’ हे शब्द आठवतील. ही श्रेणी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये ठरवली होती. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिने तीच उचलली. हिशोब सोपा होता. अमेरिकेतल्या बोस्टनच्या मुलांचं त्या वयाचं मधलं वजन म्हणजे १०० टक्के. ८० टक्क्यांच्या वर असलेलं मूल सर्वसाधारण, ७१ ते ८० पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी आणि ५० किंवा त्याखाली चौथी.

गुणाकार-भागाकार जमणाऱ्या कुणालाही हे काढता यायचं, म्हणूनच ते गावोगाव चाललं. पण टक्केवारीत एक दोष आहे. निरोगी मुलांच्या वजनातली तफावत सगळ्या वयांत सारखी नसते, त्यामुळे एक वर्षाच्या मुलाचे ८० टक्के आणि चार वर्षांच्या मुलाचे ८० टक्के यांचा धोका एक नसतो. शिवाय उंचीकडे कुणी बघतच नव्हतं. उंचीने खुजं राहिलेलं मूल आणि गेल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाळलेलं मूल एकाच श्रेणीत बसत होती. दोघांना लागणारी मदत मात्र पूर्ण वेगळी असते.

जगभर तेव्हा वापरला जाणारा दुसरा तक्ता १९७७ चा, तोही अमेरिकेचाच. त्यातला तान्ह्या बाळांचा भाग ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या छोट्या गावातल्या दीर्घकालीन अभ्यासावर उभा होता. तिथली बहुतेक बाळं गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतली आणि डब्याच्या दुधावर वाढलेली. मोजमाप दर तीन महिन्यांनी व्हायचं, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतली भराभर होणारी वाढ त्या वक्रात नीट उतरलीच नाही. आईच्या दुधावरचं बाळ पहिले दोन-तीन महिने वेगाने वाढतं आणि मग थोडं संथ होतं. त्या तक्त्यावर असं अगदी ठणठणीत बाळही चौथ्या महिन्यापासून घसरताना दिसायचं. मग सल्ला मिळायचा: दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. तक्त्यातल्या खोटीमुळे किती घरांत बाटली आली असेल कोण जाणे.

सहा ठिकाणं, साडेआठ हजार मुलं

जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता करताना प्रश्नच बदलला. मुलं कशी वाढतात हे नोंदवण्याऐवजी, वाढीत काहीच आडवं आलं नाही तर मुलं कशी वाढतात, हे शोधायचं ठरलं. १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी अभ्यास झाला: ब्राझीलमधलं पेलोतास, घानाची राजधानी अक्रा, नॉर्वेचं ओस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. सुमारे साडेआठ हजार मुलं त्यात होती.

निवड कडक होती. बाळ पूर्ण दिवसांचं आणि एकटं जन्मलेलं हवं, जुळं नको. आई गरोदरपणात आणि नंतरही धूम्रपान न करणारी. घरची परिस्थिती वाढीला अडथळा येणार नाही अशी. किमान चार महिने पूर्णपणे किंवा मुख्यतः आईचं दूध, सहा महिन्यांपर्यंत वरचं अन्न सुरू आणि निदान वर्षभर अंगावरचं दूध चालू. दिल्लीत म्हणूनच सुखवस्तू वस्ती निवडली. तिथल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांची वाढ विकसित देशांतल्या मुलांसारखीच आहे, हे त्या आधीच्या पाहणीत दिसलं होतं.

एका गटातल्या बाळांना जन्मापासून दोन वर्षांपर्यंत मोजलं गेलं: पहिल्या सहा आठवड्यांत वरचेवर, मग वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला, दुसऱ्या वर्षी दर दोन महिन्यांनी. दुसऱ्या गटात दीड ते सहा वर्षांच्या आतली मुलं होती.

निकाल आला तेव्हा अनेकांचे अंदाज चुकले. उंचीतला जो काही फरक दिसला त्यातला साधारण ७० टक्के एकाच गावातल्या मुलामुलांमधला होता. देशादेशांमधला वाटा जेमतेम ३ टक्के. म्हणजे दिल्लीची सुखवस्तू मुलं आणि ओस्लोची मुलं पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखी वाढली. ‘आपली मुलं बारीकच असतात’ हे वाक्य त्या वयापुरतं तरी आकड्यांवर टिकत नाही. एप्रिल २००६ मध्ये हे तक्ते जाहीर झाले आणि २००८ मध्ये भारताने अंगणवाड्यांसाठी ते स्वीकारले. चौथी श्रेणी तेव्हा कागदावरून गेली. लोकांच्या बोलण्यातून जायला वेळ लागला.

उणे दोन म्हणजे किती?

तक्त्यावर मधली रेषा आहे, तिच्या खाली उणे एक, उणे दोन, उणे तीन, म्हणजे मधल्या रेषेपासून तितकी प्रमाण विचलनं खाली. उणे दोनच्या वर हिरवा पट्टा, उणे दोन ते उणे तीन पिवळा, त्याखाली नारिंगी. एक वर्षाच्या मुलीचं उदाहरण घेऊ. मधली रेषा ८.९ किलोवर आहे, उणे एक ७.९ वर, उणे दोन ७.० वर आणि उणे तीन ६.३ वर. मुलग्यांसाठी त्याच वयाला मधली रेषा ९.६, उणे दोन ७.७, उणे तीन ६.९. मुलीचा ठिपका चुकून निळ्या तक्त्यावर टाकला तर ७.२ किलोची, हिरव्यातली मुलगी पिवळ्यात जाते. घाईत हे होतं.

मधल्या रेषेच्या खाली असणं म्हणजे कमी असणं नव्हे. शंभरातली पन्नास निरोगी मुलं त्या रेषेखालीच असतात. ‘शेजारच्याचं दहा किलो, आमचं साडेआठ’ या काळजीला आधार नाही. उणे दोनच्या खाली मात्र निरोगी मुलांमधलीही शंभरात साधारण दोनच सापडतात, उणे तीनखाली हजारात एखादं. म्हणून उणे दोनखालचं मूल आजारीच आहे असं नाही, पण त्याच्याकडे नीट बघायलाच हवं. उणे तीनखाली योगायोग म्हणायला जागाच उरत नाही.

याच रेषा तीन वेगवेगळ्या तक्त्यांवर आहेत आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वयानुसार वजन कमी असेल तर ‘कमी वजन’. वयानुसार उंची कमी असेल तर ‘बुटकेपणा’. तो महिनोन्‌महिने पोषण कमी पडण्याने, वारंवार आजारपणाने आणि आईच्या गरोदरपणातल्या आबाळीने येतो. उंचीनुसार वजन कमी असेल तर ‘लुकडेपणा’. तो बहुतेक वेळा अलीकडचा, जुलाब, गोवर किंवा उपासमारीनंतरचा, आणि जिवाला तातडीचा धोका त्याचाच. नुसतं वय आणि वजन बघून हे दोन वेगळे करता येत नाहीत. उंची मोजणं टाळलं की अर्धं निदान गेलंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं बुटकी, २५.६ टक्के लुकडी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. उणे तीनखालचा लुकडेपणा १०.९ टक्के, आधीच्या फेरीत तो ९.४ होता. निरोगी समाजात उणे दोनखाली दोन-सव्वादोन टक्के असावीत, ही गोष्ट शेजारी ठेवून हे आकडे वाचले की त्यांचं वजन कळतं.

हिरव्यातल्या हिरव्यात घसरण

आता दोन मुली पाहू. पहिलीचं वजन सहाव्या महिन्यात ७.३ किलो, म्हणजे बरोबर मधल्या रेषेवर. नवव्या महिन्यातही ७.३ किलोच. नऊ महिन्यांना मधली रेषा ८.२ वर असते आणि ७.३ ही उणे एकची रेषा. ठिपका अजून ठाम हिरव्यात आहे. कुणीही काही बोलणार नाही, कारण रंग बदललेला नाही. पण तीन महिन्यांत एक ग्रॅमही वाढ नाही.

दुसरी सहाव्या महिन्यात ५.८ किलो, नवव्यात ६.६, बाराव्यात ७.१. पूर्ण वेळ उणे दोनच्या रेषेला चिकटून, तिच्या किंचित वर. हिच्याकडे लक्ष ठेवायचं, पण ही आपल्या रेषेला समांतर चालली आहे. आत्ता, या महिन्यात, विचारपूस जास्त कुणाची हवी? पहिलीची. आजारपण झालं का, जुलाब किती वेळा, वरचं अन्न नेमकं काय आणि किती, आई कामावर जायला लागली का. आडवी झालेली रेषा ही पहिली सूचना असते. पिवळा रंग बऱ्याच उशिरा येतो.

सहा ते नऊ महिन्यांत ही रेषा आडवी होण्याचं नेहमीचं कारण आपल्या घरांत ठरलेलं आहे: वरणाचं पाणी, भाताची पातळ पेज, पाण्यात कुस्करलेलं बिस्किट. बाळाचं पोट लहान, दर किलो वजनामागे जेमतेम ३० मिलिलिटरचं. आठ किलोच्या बाळाला एका वेळी पाऊण-एक वाटीच्या पुढे जागाच नाही. ती जागा पाण्याने भरली की बाळ ‘पोटभर’ खातं आणि वजन थांबतं. आईच्या दुधाशिवाय सहा ते आठ महिन्यांत रोज साधारण २०० उष्मांक, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षी ५५० उष्मांक वरच्या अन्नातून यावे लागतात. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका घट्ट वरणभात आणि त्यात चमचाभर तूप किंवा तेल, म्हणजे आणखी ४५ उष्मांक, इतका साधा बदलही पुढच्या दोन ठिपक्यांत दिसतो. अंडं, मासे, दाण्याचं कूट हे त्यावर.

ठिपका चुकतो तो इथे

नऊ ते बारा महिन्यांत मुलीचं वजन महिन्याला साधारण २३० ग्रॅम वाढायला हवं. भिजलेला डायपर शंभर-दोनशे ग्रॅमचा असतो. हातापायात चांदीचे वाळे, कमरेला करदोटा, अंगात थंडीचं झबलं आणि डोक्याला कानटोपी असेल तर महिन्याची अख्खी वाढ कपड्यादागिन्यांतच जाते. गेल्या महिन्यात उघड्या अंगाने मोजलं, या महिन्यात स्वेटरसकट, की बाळ ‘छान वाढलं’. त्याच्या पुढच्या महिन्यात ‘घटलं’. मूल मात्र होतं तिथेच.

वजनकाटा कडक, सपाट जमिनीवर हवा. चटई, सतरंजी किंवा सारवलेली उंचसखल जमीन चालत नाही. चालू केल्यावर शून्य दिसेपर्यंत थांबायचं. आईसकट मोजायच्या काट्यावर आधी एकट्या आईने उभं राहायचं, आकडा स्थिर झाला की काटा पुन्हा शून्यावर घ्यायचा आणि मग बाळ तिच्या हातात द्यायचं. मधल्या वेळात आईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली किंवा भिंतीला हात लावला की बाळाचं वजन चुकलं. आठवड्यातून एकदा ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू ठेवून काटा तपासावा. किराणा दुकानातलं पाच किलोचं प्रमाणित वजन उत्तम.

उंचीचं काम त्याहून नाजूक आहे. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून, दोन वर्षं पूर्ण झालेलं उभं करून मोजतात. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटीमीटर जास्त भरते. त्यामुळे दोन वर्षांखालचं मूल झोपायलाच तयार नसेल तर उभं मोजून ०.७ मिळवायचे. मोठं मूल झोपवून मोजावं लागलं तर ०.७ वजा करायचे. हे राहिलं तर दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास मूल एकाएकी आखडल्यासारखं किंवा उगाच ताडमाड झाल्यासारखं दिसतं.

झोपवून मोजायला माणसं दोनच लागतात, एकाने होत नाही. एकजण डोक्याशी बसून मुलाचं डोकं पक्क्या फळीला टेकवून धरतो, मुलाची नजर सरळ छताकडे. दुसरा एका हाताने दोन्ही गुडघे हलके दाबून पाय सरळ करतो आणि दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांना भिडवतो. तळवे पूर्ण टेकलेले, बोटं वर. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. मूल रडत, लाथा झाडत असताना एकच पाय सरळ करून आकडा घेण्याचा मोह होतो; तसा घेतलेला आकडा न घेतलेला बरा. अंबाडा, वेणी, क्लिप आधी सोडायची. उभं मोजताना टाचा, पोटऱ्या, कुल्ले, पाठ आणि डोकं फळीला लागतंय का ते बघायचं, गुडघे वाकलेले नाहीत ना ते बघायचं, आणि वाचणाऱ्याची नजर आकड्याच्या पातळीवर हवी. खुर्चीवरून वाकून वाचलेला आकडा चुकतोच. तुकड्यातुकड्यांची जोडायची उंचीपट्टी असेल तर तुकडे क्रमाने लागले आहेत का, हे एकदा टेपने पडताळून घ्यावं. एक तुकडा उलटसुलट लागला की सगळ्या गावाची उंची एका दिवसात बदलते.

चूक कुठल्या बाजूची आहे यावर निदान फिरतं. गुडघे वाकलेले राहिले तर उंची कमी भरते. मूल खोटंच बुटकं ठरतं आणि त्याच वेळी कमी उंचीला तेच वजन पुरेसं वाटल्याने त्याचा खरा लुकडेपणा झाकला जातो. टाचा उचललेल्या राहिल्या किंवा अंबाड्यावरून मोजलं तर नेमकं उलटं. पाऊण मीटरच्या मुलाला एका सेंटीमीटरची चूक म्हणजे अपेक्षित वजनात साधारण २०० ग्रॅमचा फरक, आणि एखादं मूल रेषेच्या अल्याड की पल्याड हे ठरायला तेवढा पुरतो.

जागतिक अभ्यासात याची काळजी कशी घेतली ते बघण्यासारखं आहे. दोघे प्रशिक्षित मोजणारे एकमेकांचा आकडा न बघता मोजत. दोघांच्या आकड्यांत वजनाला १०० ग्रॅमपेक्षा, लांबी-उंचीला ७ मिलिमीटरपेक्षा, डोक्याच्या किंवा दंडाच्या घेराला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की दोघांनीही पुन्हा मोजायचं. आता तीन ते चार वर्षांची मुलगी बघा: वर्षात ९५.१ वरून १०२.७ सेंटीमीटर, म्हणजे महिन्याला सहा-साडेसहा मिलिमीटर. जगातल्या सर्वात काटेकोर अभ्यासाने चालवून घेतलेला फरक तिच्या महिन्याच्या वाढीहून मोठा आहे! तीन वर्षांच्या मुलाची उंची दर महिन्याला मोजून ‘या महिन्यात वाढलाच नाही’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. वाढीचा निष्कर्ष काढायला तीन महिन्यांचं अंतर तरी हवं. वजनाला महिना चालतो, तान्ह्या बाळाला आठवडाही.

खोट्या आकड्यांची एक खूण आहे. गावातल्या सगळ्या मुलांच्या उंचीची यादी काढा आणि दशांशानंतरचा अंक बघा. खऱ्या मोजमापात शून्यापासून नऊपर्यंतचे अंक साधारण सारखे येतात. निम्म्याहून जास्त आकडे .० आणि .५ वर संपत असतील तर कुणीतरी अंदाजे वाचलं आहे, किंवा मोजलंच नाही. पर्यवेक्षिकेला हे पाच मिनिटांत कळतं आणि त्यासाठी गावात जावंही लागत नाही.

वयाची चूक

एकेकाळी शाळेत नाव घालताना निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला यायचा. आता जन्मदाखला असतो, तरी स्थलांतरित कुटुंबांत, ऊसतोडीहून परतलेल्यांत वय अजूनही ‘गेल्या दिवाळीच्या आसपास’ असं सांगितलं जातं. ७२.५ सेंटीमीटरचा मुलगा तेरा महिन्यांचा असेल तर बुटका नाही, कारण उणे दोनची रेषा तिथे ७२.१ वर आहे. चौदा महिन्यांचा असेल तर बुटका, रेषा ७३.१ वर. एका महिन्याने निदान बदललं. दाखला नसेल तर लसीकरणाच्या तारखा बघाव्यात, सणवार आणि पेरणी-काढणीवरून महिना ठरवावा, आणि ठरवलेली तारीख दर वेळी तीच ठेवावी. दर महिन्याला नव्याने अंदाज केला तर तक्ता बंद केलेलाच बरा. वयाचा काहीच पत्ता नसेल तर उंचीनुसार वजन आणि दंडघेर यांवर भिस्त ठेवायची.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दुरुस्त करावं लागतं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं. दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वयातून आठ आठवडे वजा करून ठिपका टाकायचा. हे न केल्यामुळे व्यवस्थित वाढणारी कितीतरी बाळं कुपोषितांच्या यादीत जातात.

दंडाची पट्टी आणि पायावरचा अंगठा

काटा नाही, उंचीपट्टी नाही, तरी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा धोका पट्टीने ओळखता येतो. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याचं हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे खूण करायची. मग हात सैल सोडायचा आणि खुणेवर पट्टी गुंडाळायची. कातडीला भिडलेली हवी, आवळलेली नको. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. दंडघेर आणि उंचीनुसार वजन या दोन कसोट्या नेहमी तीच मुलं दाखवत नाहीत. एकीत सापडलेलं मूल दुसरीत सुटू शकतं, म्हणून कुठल्याही एकीत बसलं तरी ते मूल तीव्र कुपोषितच धरतात.

तिसरी कसोटी विसरली जाते. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबायचा. काढल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे, आणि असं मूल वजन कितीही भरलं तरी तीव्र कुपोषित. सुजेतलं पाणी काट्यावर वजन म्हणूनच दिसतं, त्यामुळे हे मूल तक्त्यावर खुशाल हिरव्यात असू शकतं. दवाखान्यात उपचार सुरू झाल्यावर पहिल्या दिवसांत त्याचं वजन घटतं, घरचे घाबरतात, काही जण मूल घेऊन परतही जातात. पण पाणी उतरत असल्याची ती चांगली खूण असते. त्या दिवसांत मुद्दाम थोडं, १०० मिलिलिटरला ७५ उष्मांकांचं दूध दिलं जातं, कारण उपाशी शरीरावर एकदम जास्त अन्नाचा मारा केला तर रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो. सूज उतरून भूक परतली की १०० उष्मांकांच्या दुधाकडे जातात आणि मग रोज दर किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त वाढ ही चांगली, ५ पेक्षा कमी असली तर काहीतरी राहून गेलंय, बहुधा एखादा लपलेला संसर्ग.

तीव्र कुपोषित पण खेळतं, भूक असलेलं मूल गावातल्या बाल विकास केंद्रात सुधारू शकतं. भूक मेलेली, दोन्ही पायांना सूज, ताप, धाप, मरगळ, खाल्लेलं सगळं उलटून पडणं, यातलं एकही असेल तर थेट पोषण पुनर्वसन केंद्र किंवा रुग्णालय, त्याच दिवशी. सहा महिन्यांखालच्या बाळाला दंडाच्या पट्टीचे हे आकडे लावायचे नाहीत. ते वाळलेलं दिसलं किंवा दूध ओढेनासं झालं तर पट्टी शोधत न बसता डॉक्टरांकडे न्यायचं.

चालायला कधी लागावं

याच अभ्यासात, ब्राझील सोडून बाकी पाच ठिकाणी, बसणं-उभं राहणं-चालणंही नोंदवलं गेलं. निरोगी मुलं आधाराशिवाय बसू लागली ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, एकटी चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. ‘वर्षाचा झाला तरी चालत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरतं. अठरा महिने उलटूनही एकटं चालत नसेल तर मात्र तपासणी लांबवू नये.

हा तक्ता आपल्या मुलांना लागू आहे का?

हा वाद जुना आणि खरा आहे. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३ मध्ये असं मांडलं की बालमृत्यूसारख्या बाबतींत भारत आफ्रिकेतल्या अनेक देशांपेक्षा पुढे असताना मुलांच्या उंचीत मागे दिसतो, म्हणजे एकच मोजपट्टी सगळ्यांना लावण्यातच गफलत असावी. त्यावर पोषणतज्ज्ञांनी चांगलाच प्रतिवाद केला. त्यांचा रोख सुखवस्तू भारतीय मुलांकडे होता, जी या रेषांवर व्यवस्थित वाढतात. आमच्या मते पाच वर्षांखाली तक्ता बदलायचं सबळ कारण आजवर पुढे आलेलं नाही. मात्र वजन सगळं सांगत नाही, हा मुद्दा पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासाने पक्का केला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या मातांचा मागोवा घेतला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांची सरासरी सुमारे साडेतीन किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटाचे अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. बारीक दिसणाऱ्या या बाळांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त. म्हणूनच बुटक्या मुलाला नुसतं तूपसाखर भरून वजनाची रेषा गाठणं हा उपाय नाही. उंचीला प्रथिनं, दूध, डाळी, अंडी आणि आजारपणांपासून सुटका लागते.

पाच वर्षांनंतर तक्ता बदलतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय मुलांवरून तक्ते केले, त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. वजन-उंचीच्या गुणोत्तराच्या (बीएमआय) जादा वजन आणि लठ्ठपणा दाखवणाऱ्या रेषा तिथे प्रौढपणीच्या २३ आणि २७ शी जुळवल्या आहेत, जागतिक २५ आणि ३० शी नव्हे, कारण आपल्याकडे मधुमेह कमी वजनावरच गाठतो. एका तक्त्यावरून दुसऱ्यावर जाताना मुलाची जागा थोडी सरकते. ते सरकणं म्हणजे घसरण नव्हे, पण नव्या तक्त्यावर सहा महिन्यांच्या अंतराने दोन ठिपके पडेपर्यंत निष्कर्ष काढू नये. या वयात मूल वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. घरी मोजायचं तर अनवाणी, भिंतीला टाचा लावून, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, सकाळीच मोजा. संध्याकाळपर्यंत पाठीचे मणके दबून उंची थोडी उतरते. दोन रेघांत ४ सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर भरलं तर मूल कितीही हिरव्यात असो, थायरॉईडसह बाकीच्या तपासण्यांसाठी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि जाताना दोन्ही रेघांचे आकडे तारखांसह लिहून न्या.